दुसरी सही

बुधवार, २० जानेवारी १९९९. अवसरी बुद्रुक.

काल पुण्याहून आले ते असे:
लोकरीचा कोट, वापरलेला पण धड, एक – २२५ (चारशे सांगत होता)
बूट, जोड एक – ३१०
लोकरीचे पायमोजे, तीन जोड – ७५
चाकाची बॅग – ६५० (मी नको म्हणत होते. घरची ट्रंक चांगली आहे.)
प्रवासी चेक, पन्नास डॉलरचे, नग दहा, भाव ४२.८० – २१,४००
त्यावर बँकेचे कमिशन – २१४
रोख डॉलर शंभर – ४,२८०
एस.टी., तिघांचे जाऊन-येऊन – १५०
चहा – १८. भाकरी घरून नेली होती.
एकूण २७,३२२.

फीचा पहिला हप्ता डिसेंबरातच ड्राफ्टने भरला आहे. हे पाचशे डॉलर एप्रिलात तिकडे भरायच्या दुसऱ्या हप्त्याचे, राहण्याचे आणि विम्याचे. दुधाची सहा वर्षांची शिल्लक ह्यात गेली. गेली म्हणू नये. तेजूच्या बरोबर निघाली.

तेजू, म्हणजे आमची तेजस्विनी, बी.एस्सी. ॲग्री झाली. आता हॉलंडला काचघरातली गुलाबशेती शिकायला पाच महिने. पाठवणाऱ्या पुण्याच्या संस्थेने ह्या भागातून दोघंच निवडले. दुसरा खोडदचा राजरत्न.

बँकेतल्या साहेबांनी नीट समजावले. मी वहीत लिहून घेतले ते असे. प्रत्येक चेकवर सहीच्या दोन रेघा. वरची सही इथे, त्यांच्यासमोर. ती तेजूने केली. खालची सही तिकडे, पैसे घेताना, साक्षीने. चेकांच्या नंबरांची एक पावती दिली. साहेब म्हणाले, "बाई, पावती आणि चेक कधीही एका ठिकाणी ठेवू नका. चेकचं काही बरंवाईट झालं तर ह्या पावतीवर पैसे मिळतात."

एवढं जपून बोलणारा माणूस बँकेत पहिल्यांदा पाहिला.


शुक्रवार, २२ जानेवारी

आज तेजूच्या हातून दहा चेकांवर दुसरी सही करून घेतली.

दोन दिवस माझ्या मनात तेच घोळत होते. अर्धवट कागद घेऊन पोरीने समुद्र ओलांडायचा. तिकडचा कारकून कोण, कुठला, त्याच्यासमोर सही करायची, आणि तो म्हणेल ते खरे. साक्ष हवी ना, मग देवाहून मोठी साक्ष कोणाची? शुक्रवार, लक्ष्मीचा वार. पाट मांडला, चेक ओळीने ठेवले, भैरवनाथाचा अंगारा लावला.

तेजू म्हणाली, "आई, साहेब म्हणाले होते तिथं गेल्यावरच करायची."

म्हटलं, "तिथं पुन्हा कर म्हणाले तर पुन्हा कर. सही काय, झिजते का?"

हसली आणि केली. दहा वेळा, एकसारखी. हिचे अक्षर माझ्यावर गेले आहे. मग प्रत्येक चेकला हळद-कुंकवाचे बोट लावले. पाणी कमी घेतले, पसरू नये म्हणून. तरी तिसऱ्यावर थोडे ओघळले. वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, ती पिशवी कापडी पिशवीत, ती तेजूच्या परकराच्या चोरखिशात. वरून टाके.

पावती मी घरीच ठेवली. देव्हाऱ्यामागच्या पितळी डब्यात. साहेब म्हणाले होते वेगळ्या ठिकाणी ठेवा. ह्याहून वेगळे ठिकाण कोणते?


सोमवार, २५ जानेवारी

गेली.

जीप राजरत्नच्या घरच्यांबरोबर निम्म्या भाड्यात केली होती, प्रत्येकी ६५०. त्याचे वडील पोपटराव खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर गेटला असतात. आई जानकाबाई. वाटेत त्यांनी गुळाच्या पोळ्या काढल्या. मला उपास म्हणून सांगितले. सोमवार होता, उपास होताच. पण नसता तरी मी घेतली नसती, हे इथे लिहून ठेवते. वहीत खोटे लिहू नये. तेजूने दोन खाल्ल्या.

विमानतळावर संपत भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, जाता जाता टोमणा मारलाच. "तेजे, यिताना गोरा जावई आणू नगं. बटाट्याचं बी आण. हॉलंडचं लई भारी आसतं म्हणं."

तेजू म्हणाली, "काका, जावई स्वस्त पडंल. बियाण्याला कस्टम लागतं."

सगळे हसले. ह्यांना हसता आले नाही. तिच्या बॅगेचा हात धरून उभे होते ते शिपाई येईपर्यंत.


सोमवार, ८ फेब्रुवारी

पहिले पत्र. भिका पोस्टमनने अंगणातूनच ओरडून सांगितले, "वैनी, गोऱ्या राणीचा शिक्का हाय."

सांगितल्याप्रमाणे हिशेब पाठवला आहे. तिथे गिल्डर चालतात, एक म्हणजे आपले साधारण साडेएकवीस रुपये. तिकडची संस्था आठवड्याला साठ हातखर्च देते. पाव, दूध, अंडी, साबण, बस. सगळे बरोबर. फक्त "कॉफी – ३" असे चार वेळा. एका कॉफीला पासष्ट रुपये. इथे तेवढ्यात आठवड्याची साखर येते. परत पत्र टाकले की बाहेरची कॉफी कशाला, थर्मास दिला आहे ना.

बाकी लिहिते की काचघरात बाहेर बर्फ आणि आत वैशाख महिना. गुलाब मोजून तोडतात. हान्का नावाची पोलंडची बाई तिच्या ओळीत कामाला आहे, ती पोळी मागून खाते.


मंगळवार, २ मार्च

होळी झाली. तेजूच्या वाटची पोळी गाईला घातली.

दुसरे पत्र आले. हिशेबात कॉफी नाही. पोरीला एकदा सांगितले की पुरते. सासूबाईंना वाचून दाखवले तर म्हणाल्या, "कापी नसंल पीत, पर कुनासंगट बसती का न्हाई, ते ईचार." म्हातारपणी माणसाला कशाचे काय सुचेल.


रविवार, २१ मार्च

पाडव्याची गुढी उतरली आणि तिसऱ्या दिवशी पत्र. तिचेच शब्द उतरवते:

"आई, मंगळवारी चेक घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या बाईने कुंकू बघून विचारलं हे काय. मी म्हटलं, माझ्या आईची सही आहे. ती हसली. मग चेक उलटेपालटे करून बघितले आणि मोठ्या साहेबांना दाखवायला आत घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. काळजी करू नकोस."

वाचून बरे वाटले. आपली रीत परमुलखातल्या मोठ्या साहेबापर्यंत गेली. मागच्या अंगणात मदतीला येणारी शेवंता धारा काढत होती, तिलाही सांगितले. ह्यांनी मात्र विचारले, "पैसं दिलं का पर त्यांनी?" म्हटलं, पुढच्या आठवड्यात देतील. मोठ्या बँका अशाच असतात.


रविवार, ११ एप्रिल

आज तेजूचा फोन. स्टँडजवळच्या बूथवर निरोप आला, मी पळत गेले. तिनेच केला होता, दहा मिनिटांनी पुन्हा करते म्हणाली होती. लाइन तुटत होती.

"आई, चेक भिजले."

"काय?"

"भिजले. इथं घेत नाहीत. ती पावती आहे ना, ती मंचरहून फॅक्स कर. नंबर लिहून घे. लगेच कर आई, तीस तारखेच्या आत हप्ता भरायचाय."

"दहाच्या दहा भिजले?"

मी दोनदा विचारले. मग म्हणाली, "हो."

"कशानं?"

"भिजले आई. तू फक्त पावती पाठव." आणि लाइन गेली.

घरी आल्यापासून विचार करते आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत मी घातले. तिच्या तोंडाला दोरा मी बांधला. तिच्यावर कापडी पिशवी, ती आतल्या खिशात. मार्चात बँकेत दाखवले तेव्हा धड होते, तिनेच लिहिले. हे भिजायचे कसे? तेजू माझ्याशी कधी खोटे बोललेली नाही, म्हणून ती बोलली की मला लगेच कळते.

मग चेक गेले कुठे?


सोमवार, १२ एप्रिल

विचारायला नको होते, पण संपत भाऊजींना विचारले. ते मार्केट कमिटीत असतात, कागदातले त्यांना कळते.

म्हणाले, "वैनी, साधी गोष्ट हाय. नंबर हायेत त्या कागदावर. एकदा चेक मोडायचं, मंग हरावलं म्हनायचं, अन् पावती दावून दुसऱ्यांदा घ्यायचं. शहरात करत्यात लोकं."

ह्यांनी पागोटे काढून खाटेवर ठेवले. "आपली तेजी आसं करंल का रं?"

"तेजी नसंल करत, दादा. कुनी करवून घेत आसंल. त्यो खोडदचा पोरगा हाय ना संगट? मी म्हनत न्हाई कुनाला काई. पर पोरीची जात, परका मुलूख."

त्यांनी कोणाला काही म्हटले नाही, तरी म्हणून झाले. मी उठून आत गेले. हे मागून म्हणाले, "कागूदच हाय येक. धाडून टाक." पण ह्यांना कागदाचे काय कळते. माझा जीव त्या पाचशे डॉलरसाठी तुटत नाही. तुटतो आहे, खोटे का लिहू. पण त्याहून जास्त ह्याच्यासाठी, की ती मला खरे का सांगत नाही.


मंगळवार, १३ एप्रिल

आज पत्र टाकले. नक्कल ठेवते, पैशाच्या सगळ्या पत्रांची ठेवते तशी.

"चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद. तुझे चेक भिजले हे मला पटत नाही. मी बांधलेली पिशवी भिजत नाही. काय झाले ते खरे लिही. कोणाला दिले असतील तर नाव लिही. पैसे कष्टाचे आहेत, म्हशीच्या पायाशी बसून मिळवलेले आहेत. खरे कळल्याशिवाय मी पावती पाठवणार नाही. तुझ्यासाठी मी ह्या घरात सर्वांशी भांडले. आता माझी मान खाली घालू नकोस. एक-एक डॉलरचा हिशेब घेऊनच आपल्या उंबऱ्यात पाय ठेव. काळजी घे. आई."

शेवटून दुसरी ओळ लिहिताना हात थांबला होता. पण आमच्या आईने आम्हाला ह्याहून कडक बोलून वाढवले. धाकाशिवाय पोर मार्गाला लागत नाही. "काळजी घे" लिहिले आहेच.


बुधवार, ५ मे

बावीस दिवसांनी उत्तर. एक कागद, तोही अर्धा.

"आई, तुझं पत्र मिळालं. कोणाला काही दिलेलं नाही. एप्रिलचा हिशेब: पाव ३१, दूध १४, मीठ १, बस ०, फोन २२. राजरत्नकडून उसने ४०. बाकीचा हिशेब जुळवते आहे. आबांना सांग गुलाबाची छाटणी मला आता डोळे मिटून येते. तेजू."

बस शून्य का, ते कळले नाही. पूर्वी बारा-चौदा असायची. चालत जात असेल. चालणे अंगाला चांगले.

ह्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. ह्यांना वाचता येते, पण वाचताना ओठ हलतात. "पाव, दूध, मीठ," असे दोनदा म्हणाले. कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. जेवायला बसले नाहीत. शेताकडे गेले.


गुरुवार, २० मे

परवा ओझरला विघ्नहराला गेले होते. तिथे गाभाऱ्यात उभी असताना एक म्हणजे एकच गोष्ट मनात आली. मी पोरीचा हिशेब मागत होते, आणि पावती माझ्याकडे होती. खरे-खोटे नंतर बघता आले असते.

आज देव्हाऱ्यामागचा डबा काढला. मंचरला गेले. तिकडच्या संस्थेच्या पत्रावरचा नंबर दिला. फॅक्सचे एकशे चाळीस झाले, घासाघीस केली नाही. दुकानदाराने कागद मशीनमध्ये घातला, सरकत गेला, आला तसा परत. म्हटलं, "गेला का?" म्हणाला, "मावशी, ह्यो इथंच राहातो, ह्याचं चित्र गेलं."

अर्ध्या तासात तिकडून उलट कागद आला. इंग्रजीत. त्याने वाचून सांगितले. दुसरा हप्ता मुदतीत भरला नाही म्हणून तेजस्विनीचे नाव एक मेपासून कमी केले आहे. दहा मे रोजी ती स्वतःहून खोली सोडून गेली. पुढचा पत्ता दिलेला नाही.

मी विचारले, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचले. इंग्रजीतले तेच, मराठीतही तेच.


शनिवार, २९ मे

पुण्याच्या संस्थेत तीनदा गेलो. म्हणतात, सज्ञान आहे, लेखी देऊन गेली आहे, परतीचे तिकीट सत्तावीस जूनचे तिच्याकडेच आहे, येईल सगळ्यांबरोबर. मीही तेच धरून आहे. येईल.

सासूबाई रोज विचारतात, "कंदी यायची?" मी तारीख सांगते. संपत भाऊजी ह्या वाटेने येत नाहीत.


रविवार, २७ जून

सगळे आले. ती आली नाही.

काचेच्या दारातून एकेक पोर ढकलगाडी लोटत बाहेर येत होते. राजरत्न शेवटी आला. त्याने आम्हाला पाहिले आणि थांबला. त्याला बघून मला कळले. ह्यांनी तरी आणखी तासभर त्या दारासमोरून हलायचे नाकारले. म्हणत होते, "बॅग लई जड हाय तिची. येळ लागतो."


मंगळवार, २९ जून

खोडदला गेलो. पोपटरावांचे घर त्या मोठ्या तबकड्यांच्या अलीकडेच आहे. अंगणातून एक दिसते. मी बघत होते म्हणून पोपटराव काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले, "लई लांबचं ऐकू येतं हिला, बाई. ताऱ्यांचं."

मी विचारले, "हॉलंडचं?"

"न्हाई. तोंड वर हाय तिचं. जमिनीवरलं तिला न्हाई कळत."

राजरत्न समोर बसला. मान खाली. म्हणाला, "काकू, तिनं शपथ घातली होती सांगू नको म्हणून."

हे म्हणाले, "सांग लेकरा. आमी कुनाला काई बोलणार न्हाई आता."

मग त्याने सांगितले. चेक भिजले नव्हतेच. दुसरी सही आधीच केलेली, म्हणून बँकेने घेतले नाहीत. ती त्यांच्या डोळ्यांदेखत करायची असते, तीच त्यांची खूण. वरून डाग. तीन बँका फिरले दोघे. शेवटी एका साहेबाने सांगितले, पावती दाखवा, एका दिवसात नवे चेक देतो. फक्त पावती.

"मी म्हटलं घरी खरं सांग. ती म्हणाली, नाही, भिजले म्हणते."

मी विचारले, "असं का म्हणाली ती?"

राजरत्नने वडिलांकडे बघितले. पोपटरावांनी दाराबाहेर. जानकाबाई म्हणाल्या, "च्या घ्या बाई. निवतुया."

मी घेतला.

पोपटराव मग हळू म्हणाले, "आमच्यात चेकाला हळद लावायची रीत न्हाई. नायतर आमी बी लावली असती. पोरासाटी कोन काय करंना?" त्यांनी हे मला बरे वाटावे म्हणून म्हटले.

राजरत्नचे चेक चालले होते. त्याने स्वतःचा हप्ता भरून उरलेले तिला द्यायला काढले, तिने चाळीसच घेतले. कामावरून सगळे कॉफीला बसायचे, ही बाहेर कट्ट्यावर थर्मास घेऊन. त्या थंडीत. हान्काबाई मग कप घेऊन बाहेर येऊन बसायची. माझे पत्र आले त्या दिवशी तिने ते दोनदा वाचले, आणि त्याला विचारले, आपल्या उंबऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात? हान्काला सांगायचे होते.

नाव कमी झाल्यावर हान्काबाईबरोबर दुसऱ्या गावी गेली. फुलांचे कांदे निवडायच्या कामाला. जाताना राजरत्न म्हणाला होता, तिकीट आहे, चल घरी. ती म्हणाली, हिशेब जुळला की येते.

मग त्याने बॅगेतून कापडी पिशवी काढली. माझ्याच हातची. आत प्लॅस्टिकची, तोंडाला माझाच दोरा. दहा चेक. तिसऱ्यावर कुंकू ओघळलेले. बरोबर चिठ्ठी: "आईच्या पितळी डब्यात पावतीजवळ ठेव म्हणावं. दोन्ही एकत्र झाले की पैसे परत मिळतील. एकही मोडलेला नाही."

चाळीस गिल्डरचे ८६० जानकाबाईंच्या हातावर ठेवले. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, घ्या, तिच्या हिशेबात आहेत. तेव्हा घेतले.

परत येताना एस.टी.त ह्यांना खिडकी मिळाली. चाकणला निघालेल्या एका पोराला ती हवी होती म्हणून उठून जागा दिली आणि मंचरपर्यंत उभे राहिले.


शुक्रवार, २ जुलै

पुण्याच्या बँकेत गेले. एकटी. तेच साहेब. दहा चेक आणि पावती टेबलावर शेजारी ठेवली. तेजूने लिहिलेले संमतीचे पत्रही त्या पिशवीत होते, सगळे आधीच करून ठेवलेले, तारखेसकट. साहेबांनी नंबर जुळवले. कुंकवावर बोट ठेवून माझ्याकडे बघितले. मी विचारले, ही पावती एप्रिलात तिकडे पोचली असती तर? म्हणाले, "तर काहीच अडचण नव्हती, बाई. त्यासाठीच असते ती."

मग घरी येऊन लिहिले:
खरेदी, ४२.८० ने – २१,४००
कमिशन – २१४
परत मिळाले, ४३.१० ने – २१,५५०
तोटा – ६४

पाचशे डॉलर पाच महिने परमुलखात राहून आले आणि चौसष्ट रुपये तोटा. मॅट्रिक झाल्यापासून हिशेब लिहिते आहे, इतका जुळलेला हिशेब मी कधी लिहिला नव्हता. पान तसेच उघडे ठेवून बसले. तोट्याच्या बाजूला काय लिहायचे राहिले ते माहीत आहे, त्याला रकाना नाही.

आज देवापुढे दिवा लावला, पण हळद-कुंकवाची कुयरी उघडायला हात धजला नाही. सासूबाईंनी लावले.


रविवार, ४ जुलै

राजरत्नने हान्काबाईच्या बहिणीचा पत्ता शोधून पाठवला. त्या पत्त्यावर आज पत्र टाकले. नक्कल:

"चि. तेजस्विनीस आईचे अनेक आशीर्वाद.

चेक पोचले. पावतीजवळ ठेवले. पैसे मिळाले. राजरत्नचे चाळीस गिल्डर मी त्याच्या आईला दिले. त्यांच्याकडे चहा घेतला. तू मागे मला जीपमधल्या पोळीवरून बोलली होतीस, म्हणून कळवते.

खालची सही मी करवून घेतली. कुंकू मी लावले. पावती मी ठेवून घेतली. तू भिजले म्हणालीस. मी तुला खोटी ठरवली आणि चौघांत बसून तुझी चर्चा केली. हे सगळे माझ्या बाजूला लिहिले आहे. तुझ्या बाजूला काही येणे नाही.

उंबऱ्याचे लिहिले ते मी खोडते. ते वहीतूनही खोडले, पण शाई जुनी आहे, खालचे दिसते. आबांनी काल दाराच्या उंबऱ्याला तेलपाणी केले. पावसाने फुगला होता, दार अडत होते. आता अडत नाही.

आजी बरी आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. आबा गुलाबाची चार कलमे घेऊन आले आहेत, छाटायला कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तेजीला डोळं मिटून येती.

तिकडे थंडी असेल तर कोट वापर. कॉफी घे. रोज घे, हान्काबाईंनाही दे, माझ्याकडून. किती झाले ते लिहू नकोस.

यायचे असेल तर ये, नाहीतर राहा, पण कुठे आहेस ते सांग. दोन ओळी पुरेत. जेवतेस एवढे लिहिले तरी चालेल. तिकडे टपालाच्या तिकिटाला पैसे पडत असतील तर तिकीट न लावता टाक. भिका इथे दुप्पट दंड मागेल, तो मी भरीन. त्याला आजच सांगून ठेवले आहे, पाकीट कसलेही असो, परत लावायचे नाही.

उलट टपाली कळव.

तुझी आई, शीला."